सासऱ्यांच्या फोटोला चौकट

चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट आशिषने केली होती. कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं आणि जाताना तो ती माझ्या गळ्यात घालून गेला. मी एग्मोरला रेल्वेच्या ऑफिसात कारकून. (कॉम्प्युटरवर तोवर मी पत्तेच जास्त खेळलो होतो.) तरी पुस्तक आणून स्टाइल शीट शिकायला बसलो. रंग, अक्षरं, समास सगळं एका फाइलमध्ये सांगायचं, की सगळी पानं मुकाट ऐकतात. घरात माझं असं ऐकणारं दुसरं कोणी नसल्यामुळे मला हे फार आवडलं.

एका रविवारी सकाळी मी ठरवलं, मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो जरा उठून दिसायला हवा. अध्यक्ष म्हणजे माझे सासरे माधवराव. संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आणि आमच्याकडेच राहणारे. ते खोलीत आले की मी अजूनही उभा राहतो. फोटोत केस पांढरे, शर्ट पांढरा, मागची भिंत पांढरी. पांढऱ्या पानावर नुसता चष्मा तरंगत होता. मी पुस्तकात बघून चांगली जाड, काळी बॉर्डर दिली, फाइल साइटवर चढवली आणि दाढी करायला गेलो.

तोंडाला साबण असतानाच फोन वाजला. सुनीतीने, म्हणजे बायकोने, घेतला. एन्नोरच्या अन्नपूर्णाबाई होत्या. वेबसाइट पाहिली म्हणाल्या, आवाज रडवेला, आणि बाबांना किती वाजता नेणार, असं विचारत होत्या. सुनीतीला वाटलं, मंडळाच्या मीटिंगला.

"जेवण झालं की नेऊ," ती म्हणाली.

त्या काळ्या चौकटीचा मराठी अर्थ मला तेव्हा कळला. तसाच कॉम्प्युटरकडे धावलो, तर पुढचा धक्का. नियम मी एका फोटोसाठी नाही, फोटो या जातीसाठीच लिहिला होता. अख्खी कार्यकारिणी, माझ्यासकट, एकदम वारली होती. हळदीकुंकवाच्या बायकाही गेल्या होत्या. कोजागिरीच्या दुधाचं पातेलंसुद्धा.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खजिनदार सेतुमाधव, हातात भला मोठा हार. दार उघडलं माधवरावांनीच. सेतुमाधव उंबऱ्यातच मटकन बसले.

सासऱ्यांनी त्यांना उठवलं, कॉफी पाजली, सगळं नीट ऐकून घेतलं आणि माझ्यामागे येऊन उभे राहिले. मी सवयीने उठून उभा राहिलो. त्यांनी पडद्यावर स्वतःला पाहिलं, मग उपाध्यक्षांना, मग सेतुमाधवांना. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. गालावरचा साबण वाळून ताणायला लागला होता.

"ही चौकट एकाच फोटोला देता येते का?" त्यांनी विचारलं.

माझ्या जिवात जीव आला. सासरे मला काही विचारत होते! मी भडाभडा सांगितलं, की येते, त्या फोटोला वेगळं नाव द्यायचं आणि नियम त्या नावाने लिहायचा.

"चांगलं शिकलात," ते म्हणाले. "मग बाकीच्यांच्या काढा. तुमच्या फोटोची राहू द्या."

राहू दिली. महिना होत आला. अजून कोणाचाही फोन आलेला नाही.