एकमताने पेज बंद

गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि सर्वण गावच्या ‘मायेचा हात’ संस्थेचे देणगीदार असे गायब झाले, की अध्यक्ष कृष्णनाथ त्यांच्या दारात गेले तर कुत्रासुद्धा भुंकेना. संस्थेचं काम एकच. घरात एकट्या पडलेल्या बावीस म्हाताऱ्यांना रोज दहाच्या ठोक्याला उकड्या तांदळाची पेज आणि तोंडी लावणं पोचवायचं. पेज रांधायची पार्वती. नवऱ्यामागे तिचंही घर याच चुलीवर चालत होतं.

अशा वेळी शहाणा माणूस हातपाय हलवतो. कृष्णनाथांनी सल्लागार आणला.

"बदलाला घाबरू नका," पणजीहून आलेला रुद्रेश बैठकीत म्हणाला. "लोकांना पेज देऊ नका, पेजेबाबत सक्षम करा. पहिल्या टप्प्यात चूल बंद, दुसऱ्यात जनजागृती कार्यशाळा."

"कार्यशाळेत खावपाक काय?" पार्वतीने विचारलं.

"बिस्किटं."

"दात नसलेल्यांक?"

रुद्रेशने ‘आव्हाने’ या मथळ्याखाली दात लिहून घेतले.

कृष्णनाथांनी जन्मात एकही निर्णय स्वतःच्या अंगावर घेतला नव्हता. ते म्हणाले, "नव्या कामाआधी देवाच्या कानार घालूंक जाय. फाल्यां देवळात गाऱ्हाणं घालूया." रुद्रेशही खूश झाला. त्याच्या भाषेत याला लोकसहभाग म्हणत.

दुसऱ्या दिवशी पेज खाणाऱ्या म्हाताऱ्यांसकट सारे देवळात जमले. गाऱ्हाणं घालायला गावचा बाबलीकाका; त्याने देवाकडे मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी दर मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्याच्या हातात योजनेचा कागद दिला, तो त्याने जसाच्या तसा गाऱ्हाण्यात घातला.

"बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां तुझ्या दारात उबी आसत..."

"व्हय म्हाराजा."

"तेंची रणनीती यशस्वी कर..."

"व्हय म्हाराजा."

"पेजेची चूल टप्प्याटप्प्यान बंद पडो..."

"व्हय म्हाराजा," सगळा मंडप एका सुरात म्हणाला. जन्माची सवय ती. तोंड आधी उघडतं, कान मागाहून जागे होतात.

रुद्रेशने तिथल्या तिथे इतिवृत्तात लिहिलं, ‘लाभार्थ्यांसह एकमताने मंजूर.’

"आमी काय म्हटलां रे?" म्हाताऱ्या सगुणने शेजाऱ्याला विचारलं. पण देवासमोरचा होकार मागे कसा घेणार? कृष्णनाथ मात्र निर्धास्त झाले. आता निर्णय देवाचा होता.

पार्वतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसून तिने पदर खोचला.

"बाबलीकाका, गाऱ्हाणां अर्ध्यार सोडू नये."

बाईने गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. पण सगळे हात जोडून उभेच होते, आणि तिने सुरू केलंसुद्धा.

"बा म्हाराजा, जो चूल बंद करतलो, तेणां बावीस दारांनी स्वतः जावन सांगचां, आज पेज ना म्हणान..."

"व्हय म्हाराजा."

"लोकांच्यो गाळी मुकाट आयकच्यो..."

"व्हय म्हाराजा." म्हातारे जरा जोरातच म्हणाले.

"नायतर अध्यक्षान आणि पणजेच्या सायबान फाल्यांसून दारोदार भोंवून तांदूळ मागून हाडचे, चूल पेटती ठेवची..."

"व्हय म्हाराजा."

यात सर्वांत खणखणीत आवाज रुद्रेशचा होता. इतका वेळ हात जोडून उभं राहिलं की लय कुणालाही सापडते.

बाबलीकाकाने चटकन नारळ फोडून टाकला. कृष्णनाथ देवाकडे बघत राहिले. रुद्रेशने पेन बराच वेळ हवेत धरलं आणि अखेर लिहिलं, ‘दुरुस्तीसह मंजूर.’

"सकाळी किती वाजता निघायचं?" त्याने पडेल आवाजात विचारलं.

"साताक," पार्वती म्हणाली. "गोणी तुमचीच घेवन येयात."