धुतलेली रेकॉर्ड

मनोहर धुरी रेकॉर्ड ऐकत नाही, तपासतो. नवी रेकॉर्ड घरी आली की तो ती प्लेअरवर ठेवतो, सुई थेट दुसऱ्या बाजूच्या मधोमध टेकवतो, उजवा कान स्पीकरला चिकटवतो आणि डोळे मिटतो. चेहरा असा, की स्पीकरच्या आत कुणीतरी आजारी आहे आणि हा छाती तपासतोय. थोड्या वेळाने डोळे उघडतो आणि म्हणतो, "धुतली!" संपलं. रेकॉर्ड कव्हरात आणि कव्हर कपाटात. पुन्हा तिचं तोंड पाहायचं नाही.

बरं, या रेकॉर्डी म्हणजे फुटपाथवरचा माल नव्हे. कुठली जर्मनीहून येते, कुठली जपानहून, आणि सगळ्या जाझच्या. त्यातही सगळ्या एकाच रेकॉर्डच्या. एकच रेकॉर्ड वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा छापली गेली आणि ती प्रत्येक वेळी मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत येऊन नापास झाली.

धुरी माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. त्याआधी अंधेरीच्या ऑफिसात त्याचं टेबल माझ्या शेजारी होतं. रिटायर झाल्यावर सुटलो असं वाटलं, तर ह्याने माझ्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. एकाच जन्मात एकच धुरी दोनदा भोगणारा माणूस मी एकटाच असेन.

जाझ म्हणजे काय हे त्याने मला ऑफिसात अनेकदा समजावलं. माझ्या समजुतीप्रमाणे चार-पाच माणसं मिळून एक गाणं सुरू करतात. मग एकेकाला आठवतं की आपलं दुसरीकडे काम आहे. जो तो आपापल्या वाटेने निघून जातो, आणि बऱ्याच वेळाने सगळे योगायोगाने त्याच कोपऱ्यावर भेटतात. मी हे त्याला चिडवायला म्हटलं, तर त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. "लेल्या, तुला कळलं की रे! झकास!" त्या दिवसापासून मी मत द्यायचं बंद केलं.

त्या एका रेकॉर्डची हकिगत अशी. आमच्या तरुणपणी एक परदेशी जाझ बँड दौऱ्यावर असताना मुंबईत उतरला आणि तिकडे दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात एक संध्याकाळ वाजवून गेला. कुणीतरी ते टेप केलं. परदेशातल्या एका चिमुकल्या कंपनीने त्याची रेकॉर्ड काढली आणि पाठोपाठ ती कंपनी बुडाली. दोन्हींचा संबंध होता की नाही, मला माहीत नाही. पुढे म्हणे जगभरच्या शौकिनांना या रेकॉर्डचं वेड लागलं, आणि मूळ प्रती मिळेनात म्हणून निरनिराळ्या कंपन्या ती पुन्हा छापू लागल्या. अशा छपाईला रीइश्यू म्हणतात. धुरी मूळ रेकॉर्डला 'थोरली' म्हणतो आणि रीइश्यूंना 'सवती'.

ही थोरली एकेकाळी धुरीच्या घरात नांदत होती. लग्नानंतर दोनेक वर्षांनी त्याच्या बायकोने, शालनवहिनींनी, तिला भांडेवालीला दिलं. दारावर भांडेवाली आली होती. जुन्या साड्या आणि दोन पँटींवर स्टीलचा तांब्या द्यायला ती तयार होईना. "आणखी कायतरी टाका ताई," असं चाललं होतं. वहिनींनी रेकॉर्डींची अख्खी पेटी टाकली. भांडेवालीला पेटी आवडली, सौदा झाला. संध्याकाळी धुरी घरी आला तेव्हा पेटी गेलेली आणि तांब्या आलेला. ऑफिसात हा किस्सा धुरी स्वतःच सांगायचा, आणि शेवटी म्हणायचा, "तांब्या मात्र दणकट आहे हां!"

शालनवहिनींबद्दल सांगायचं तर त्यांच्या शिंकेबद्दल सांगायला हवं. त्यांना धुळीचं वावडं. धुरी सकाळी बूट घालायला बसला की बुटांची धूळ उडायची आणि वहिनींना शिंक यायची. तीही साधीसुधी शिंक नाही. आधी थंडीत स्कूटर सुरू होत नाही तसे दोन बारीक आवाज, मग स्फोट, आणि स्फोटानंतर स्वतःच दचकून म्हटलेलं "अगं बाई!" धुरी पडला कोकणातला. घरातून निघताना कुणी शिंकलं तर तसंच निघायचं नाही. परत बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग उठायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. वहिनी त्याच तांब्यातून पाणी आणून द्यायच्या. तो प्यायचा, पुन्हा बूट बांधायचा. पुन्हा धूळ, पुन्हा शिंक.

त्यामुळे धुरी रोज लेट. साहेबांनी विचारलं की मान खाली घालून सांगायचा, "साहेब, निघताना शिंक आली." साहेब रत्नागिरीचे. ते गंभीरपणे म्हणायचे, "मग बरोबर आहे." आम्ही वेळेवर येणारे मूर्ख ठरायचो.

तीन वर्षांपूर्वी शालनवहिनी गेल्या. फार दिवस आजारी नव्हत्या. धुरी रडलाबिडला नाही. निदान आमच्यासमोर नाही. मुलगी परदेशी, ती येऊन गेली. आणि मग ह्याने एकदम त्या रेकॉर्डचा ध्यास घेतला. इतकी वर्षं नुसता विषय निघाला की हळहळायचा, आता पहाटे उठून कम्प्युटरवर बसू लागला. मला त्या रेकॉर्डशिवाय मरायचं नाही, असं त्याने मला लिफ्टमध्ये सांगितलं. मी म्हटलं, "मग मिळवूच नको. अमर होशील." त्यावर तो हसला नाही, तेव्हा मला प्रकरण गंभीर असल्याचं कळलं.

विकणाऱ्यांना तो जी पत्रं पाठवायचा त्यांना तोड नाही. लोक विचारतात, रेकॉर्ड स्वच्छ आहे ना? हा विचारायचा, घाण आहे ना? एका जर्मनाने अभिमानाने कळवलं, की आम्ही मूळ टेपमधली प्रत्येक खरखर, खोकला, खुर्चीची कुरकुर कम्प्युटरने काढून टाकली आहे. आता फक्त शुद्ध संगीत. धुरीने ते मला वाचून दाखवलं आणि स्क्रीनकडे बघून अस्सल मालवणीत विचारलं, "मेल्या, तुका कोणी सांगलेला घासूक?"

माझी बायको म्हणाली, "त्यांना डॉक्टरकडे न्या हो." नेलं. पण दातांच्या.

हे डॉक्टर दिंडोशीला राहतात आणि रेकॉर्डी जमवतात. त्यांच्याकडे त्या रेकॉर्डचे तीन रीइश्यू असल्याचं धुरीला कळलं. रविवारी सकाळी मला उठवून, रिक्षात घालून लिंक रोडने तो घेऊन गेला. मांडीवर पिशवी, पिशवीत त्याच्या जपानी आणि जर्मन सवती. "दाखवायला," म्हणाला.

डॉक्टरांनी आधी आम्हाला हात धुवायला लावले. माझे हात तर त्यांनी उलटेपालटे करून पाहिले. मग त्यांनी एकेक रेकॉर्ड काढली. पहिल्या दोन धुरीने नेहमीच्या जागी कान लावून तपासल्या. "धुतली," तो म्हणाला. "हीपण धुतली."

"धुतली म्हणजे?" डॉक्टरांना ते लागलं. "अहो, बेस्ट प्रेसिंग आहे हे!"

"तिसरी दाखवा ना."

"ती नको. कचरा आहे ती." डॉक्टर अक्षरशः लाजले. "चोरून छापलेली. ओरिजिनल टेप नव्हतीच त्यांच्याकडे. कोणाची तरी घासलेली जुनी रेकॉर्ड घेतली आणि तशीच्या तशी उतरवली. कव्हरवर फोटोपण उलटा छापलाय. सगळे डावखुरे दिसतात."

"तशीच्या तशी?" धुरी खुर्चीवरून उठला. "काहीच साफ केलं नाही?"

"काय साफ करणार? चोर ते!"

"ती द्या."

"ऐकून तरी बघा."

"इथे नको. घरी ऐकीन." आणि त्याने पिशवी डॉक्टरांच्या पुढ्यात रिकामी केली. "ह्या सगळ्या तुम्हाला. ती एक मला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस शुद्धीवर आहे ना, असा प्रश्न त्या नजरेत होता, आणि मी रिकाम्या पिशवीची घडी घालू लागलो. जपानी छपाई देऊन कचरा घेणारं गिऱ्हाईक त्यांनी आजवर पाहिलं नसणार. मला मात्र भांडेवाली आठवली. धुरीच्या घराण्यात अदलाबदलीची हीच रीत दिसते.

परत येताना तो रेकॉर्ड छातीशी धरून बसला होता. खड्डा आला की रिक्षावाल्यावर ओरडायचा, "हळू रे बाबा, हळू!"

घरी आल्यावर मला आशा होती की तो चहा टाकेल. त्याने रेकॉर्ड टाकली. सुई मधोमध. आधी खरखर, मग ते माणसाएवढं उंच बास, उभ्याने बोटांनी छेडायचं वाद्य, एकटंच वाजू लागलं. बाकी सगळे आपापल्या कामाला गेले असावेत. माझ्या घरी सुरमई तळत होती आणि तिचा वास जिन्यातून वर येत होता. मी उठलो. म्हटलं, हा आता 'धुतली' म्हणणार आणि मला तोंड पाडून बसावं लागणार.

तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला. दोन बारीक आवाज, थंडीतली स्कूटर. मग स्फोट. बास मध्येच थांबलं. आणि त्या थांबलेल्या शांततेत, परदेशी कंपनीच्या त्या जाझ रेकॉर्डवर, एक तरुण बाई स्पष्ट मराठीत म्हणाली, "अगं बाई!"

लोक हसल्याचं ऐकू आलं. बास पुन्हा सुरू झालं.

आवाज कोवळा होता, पण ती शिंक मी कुठेही ओळखली असती.

"साखरपुडा नुकताच झाला होता रे," धुरी स्पीकरकडे बघतच म्हणाला. "साहेबाने पास दिले. मला वाटलं ऑर्केस्ट्रा असेल, सिनेमाची गाणी म्हणतील. गेलो तर हे. काही कळेना. त्यात हा बासवाला एकटाच सुरू झाला. मी तिला म्हटलं, चल, निघू या. अर्धा उठलो पण. त्या हॉटेलात एसी किती गार! ती शिंकली. मग काय, बसलो परत. शिंक आल्यावर कसं निघणार? आणि बसलो म्हणून ऐकलं. पुढचं सगळं ऐकलं, लेल्या. तिथून हे लागलं."

"आणि रेकॉर्ड?"

"आली तेव्हा येईल-जाईल त्याला मी ऐकवायचो. ऐका, ही आमची ही! तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून तर दिली भांडेवालीला. मला म्हणाली, मी आहे ना घरात, शिंकते ना रोज, रेकॉर्ड कशाला पायजे?" त्याने हातातलं कव्हर उलटं करून पाहिलं. "बरोबरच होतं तिचं."

चाळीस-पन्नास वर्षं मी या माणसाची टिंगल करत आलो, आणि नेमकी आज एक टिंगल सापडेना. खूप वाईट वाटलं. खालून बायकोची हाक आली. "येतो रे," मी म्हटलं आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागलो.

मागे खरखर झाली. धुरीने सुई उचलून पुन्हा थोडी मागे ठेवली होती. बास, दोन बारीक आवाज, स्फोट, "अगं बाई!"

"लेल्या," धुरी म्हणाला, "शिंक आली. लगेच निघू नये."

माझा एक पाय चपलेत होता.

"बस जरा," तो म्हणाला, आणि आत जाऊन तो स्टीलचा तांब्या पाण्याने भरून घेऊन आला. मी चप्पल काढली, परत येऊन बसलो आणि घोट घोट करून, जमेल तितक्या सावकाश, ते पाणी प्यायलो.