दर अर्ध्या तासाने घर रिकामं

याकोबरावांच्या दंडाला पट्टा बांधून डॉक्टर स्नेहल यांनी त्यांच्या कमरेला डबी अडकवली, तेव्हा खरी धडधड त्यांच्या सुनेच्या, क्रिस्टीनाच्या छातीत चालू होती. आदल्याच दिवशी नगरहून नणंदेचा फोन आला होता.

"वहिनी, पप्पांचं बीपी दवाखान्यात वाढतं का घरात, ते या मशीनवर कळतं म्हणे," आराधनाताई गोड आवाजात म्हणाल्या होत्या. "घरातच वाढत असलं तर मी त्यांना इकडं घेऊन येते. उगं तुमच्यावर ठपका नको."

इतक्या मायेनं ठेवलेला ठपका क्रिस्टीनानं पहिल्यांदाच पाहिला. अडचण अशी, की नवरा शाळेत शिकवायला गेला की श्रीगोंद्याच्या त्या घरात ती आणि सासरे दोघंच उरत, आणि गेली चौदा वर्षं दोघं सकाळपासून संध्याकाळपर्यंत भांडत. मिठावरून, पंख्यावरून, विषय संपले तर कालच्या विषयावरून.

"चोवीस तास पट्टा काढायचा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दर अर्ध्या तासानं तो फुगेल. तेव्हा हात सैल सोडायचा, बोलायचं नाही. आणि त्या वेळी काय चाललं होतं ते वहीत लिहायचं."

याकोबराव एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. वही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. क्रिस्टीनाचा पडला. मग तिनं हिशेब मांडला: पट्टा फुगताना आपण जवळच नसलो, तर आपलं नाव वहीत येणार कसं? तिनं मोबाईलमध्ये दर अर्ध्या तासाच्या एक मिनिट आधीचा गजर लावला.

साडेनऊला ती शेजारी जयमालाबाईंकडे ताक मागायला गेली. दहाला ते परत करायला. साडेदहाला पुन्हा आल्यावर जयमालाबाईंनी विचारलं, "काय गं, घरात साप निघालाय का?"

"मामांचं मशीन चालू हुतं ना," क्रिस्टीना दबक्या आवाजात म्हणाली. "तवा जवळ न राहिल्यालं बरं."

जयमालाबाईंनी अकरा वाजता शेळी घरात घेतली. साडेअकराला कल्याण भाजीवाला गल्लीच्या तोंडाशीच हातगाडी थांबवून मोबाईलमध्ये वेळ बघत उभा होता. बाराच्या आधी चर्चचे पाळकसाहेब प्रार्थनेला आले. त्यांनाही जयमालाबाईंनी वाटेत गाठलं होतं. त्यांची प्रार्थना आजारी, विधवा आणि ऊसतोडणी कामगार अशी निवांत चालली होती. डबी घुरघुरली तशी त्यांनी उरलेलं सगळं जग एका वाक्यात देवाच्या हवाली केलं आणि आमेन म्हटलं. याकोबरावांनी डोळे उघडले तर समोर रिकामी खुर्ची.

पावणेचारला क्रिस्टीनाच्या मोबाईलची बॅटरी संपली. ते तिच्या लक्षात आलं नाही, कारण ती स्वयंपाकघरात शिरली तेव्हा याकोबरावांचा हात लोणच्याच्या बरणीत होता.

"मामा, मीठ बंद सांगितलंय ना? हार्टची तपासनी चाललीय आन तुमी लोनचं खाताय?"

"वास घेत हुतो."

"वास बोटांनी घेत्यात व्हय?"

"तुझ्या सासूनं घातल्यालं हाय ते."

"आत्यांना जाऊन सहा वरसं झाली. हे मी घातलंय, औंदा उन्हाळ्यात."

"तरीच लई खारट हाय."

"खारट हाय तर ही चौथी फोड..."

घुर्रर्र. पट्टा फुगला. याकोबरावांनी हात सैल सोडला, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि डोळे मिटले. हवा उतरल्यावर त्यांनी खिशातून पेन काढून वहीत लिहिलं: '४.०० – सूनबाई भांडतेय.'

"मामा, तेवढं खोडा."

"काट्यावर खोडाखोड केली असती तर ठिवला असता का मला कारखान्यानं?"

"मग बोलतेय असं तरी लिहा."

याकोबरावांनी विचार केला. पेन पुन्हा उघडून त्यांनी पुढे एक शब्द वाढवला: 'जोरात.'

दुसऱ्या दिवशी आराधनाताई पप्पांसाठी खोली आवरूनच दवाखान्यात आल्या होत्या. डॉक्टरांनी एका हातात आलेख आणि दुसऱ्या हातात वही धरली.

"साडेदहा, एकशे अडुसष्ट. वहीत लिहिलंय, 'कुणी नाही.' अकराला एकशे बहात्तर. 'शेळीसुद्धा आत नेली.' बाराला एकशे शहात्तर. 'पाळकसाहेब पळाले.'" त्यांनी चष्मा वर सरकवला. "चारला एकशे सव्वीस. दिवसातला सगळ्यात कमी."

"तेव्हा काय चाललं होतं?" आराधनाताईंनी विचारलं.

डॉक्टरांनी वही त्यांच्याकडे फिरवली. ताईंनी ती ओळ दोनदा वाचली. क्रिस्टीना भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत राहिली.

"झोपेतही दाब उतरत नाही यांचा," डॉक्टर म्हणाल्या. "या वयात हृदयाला ते धोक्याचं. गोळी लागेलच. आणि दिवसभर यांना एकटं ठेवू नका."

"पप्पा, तरी चला माझ्याकडं," ताई हळूच म्हणाल्या. "मीपण भांडेन की."

"तुला न्हाई जमायचं, बाळा. तू लगीच रडती."

रडू मात्र क्रिस्टीनाला येत होतं. पुन्हा एकदा दाब बघायला डॉक्टरांनी त्यांचा साधा पट्टा याकोबरावांच्या दंडाला गुंडाळून फुगवला, तेवढ्यात तिनं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "मामा, गोळी कवा घ्यायची ते ऐकलं का?"

"सकाळी."

"रातच्याला."

"सकाळी म्हनल्यात त्या. मी हितंच बसलोय."

"मी काय बाहेर हुते व्हय? रातच्याला, जेवनानंतर."

डॉक्टरांनी अजून काहीच सांगितलं नव्हतं. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलंही, पण तेवढ्यात त्यांची नजर पट्ट्याच्या काट्याकडे गेली. पुन्हा एकशे सव्वीस. त्यांनी दोघांना भांडू दिलं.