न शिवलेली गाडी

‘सदर वाहनास निर्मितीपासून आजतागायत मानवी हस्तस्पर्श झालेला नाही.’

हे विधान आखाती अस्पर्शित वाहन परिषदेच्या अकराव्या प्रमाणपत्रावर सोनेरी शाईत छापलेले आहे, आणि सोनेरी शाईवर शंका घेणे असंस्कृतपणाचे आहे. तरीही थोडा असंस्कृतपणा करू. वाहन म्हणजे १९६७ साली अमेरिकेत बनलेली लाल, दोन आसनी कॉर्व्हेट. एकूण धाव चार हजार एकशे बारा मैल. मूळ रंग, मूळ सीट, मूळ ओरखडे. ती हस्तस्पर्शावाचून कारखान्यात जुळली, हस्तस्पर्शावाचून जहाजात चढली आणि स्टिअरिंगवर कोणाचाही हात नसताना चार हजार मैल धावली, एवढे मान्य केले की पुढचे मान्य करणे जड जात नाही.

गाडीचे मालक शरीफशेठ मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे, आता मस्कतमध्ये सुट्या भागांचे व्यापारी. तिथल्या वादी कबीर भागातल्या वातानुकूलित गोदामात ती उभी असते. शेठ ती चालवत नाहीत. चालवली की जुनी होते, आणि त्यांना जुनी गाडी नवीच हवी आहे. तिला कोणाचा हात लागू नये, यासाठी बावीस वर्षांपूर्वी रत्नागिरीहून सिराज नावाचा मेकॅनिक आणण्यात आला. (परिषदेच्या आकडेवारीनुसार आखातात अशा अकरा गाड्या असून त्यांना हात न लावण्यासाठी चौतीस माणसे पूर्णवेळ नेमलेली आहेत.)

हात न लावणे हे कष्टाचे काम आहे. दर गुरुवारी सिराज इंजिनात तेलाचे थेंब सोडून ते हाताने पाव फेरा फिरवी, म्हणजे ते आवळून बसत नसे. एकाच जागी उभे राहून टायर चपटे होऊ नयेत म्हणून गाडी चार पावले पुढे ढकली. मैल वाढू नयेत म्हणून चार पावले मागे. बावीस वर्षे तो असा चालला आणि कुठेही पोचला नाही. चाकाच्या आतली धूळ मात्र तो पुसत नसे, कारण ती मूळ होती. (मळकी गाडी रस्त्यावर आणल्यास दंड होणाऱ्या शहरात धुळीला मिळालेला हा एकमेव सन्माननीय आश्रय.)

एका जून महिन्यात गोदामाचा एसी बंद पडला आणि ड्रायव्हरच्या सीटची शिवण उसवली. सिराजचा बाप खाडीवर होड्यांची शिडे शिवणारा. त्याची सुई सिराजच्या पेटीत होती. त्याने दोन दिवस कारखान्याची शिवण नुसती न्याहाळली. दर सातवा टाका किंचित वाकडा आहे, हे ध्यानात आल्यावर त्यानेही दर सातवा टाका वाकडा घातला. शेठनी पाहिले, समाधानाने मान डोलावली आणि कोणाला सांगू नको म्हणाले.

मराठी समाजाला न शिवण्याच्या शास्त्राचा दीर्घ अनुभव आहे. पूर्वी ते माणसांना लावले जाई, आणि ज्याला शिवत नसत त्याची किंमत शून्य ठरे. वस्तूंना लावल्यापासून किंमत चढती राहिली आहे. प्रगती म्हणतात ती हीच.

नोव्हेंबरात परिषदेचे परीक्षक यायचे ठरले. नियम चार असा, की मालकाच्या नोकरीत मेकॅनिक असल्यास गाडी बाद. शेठनी सिराजला बोलावले.

“हात लावला नाय, एवढाच बोल. यल्ला, चल आता.”

“मग अर्बाब, बावीस वरसां मी केला काय?” (अर्बाब म्हणजे तिकडच्या बोलीत मालक.)

“बसलास. पगारी बसलास. नशीबवान हायस.”

सिराजचे, आणि त्याच्या आधारे बायको-मुलीचेही, निवासाचे कार्ड जानेवारीत संपत होते आणि मुलीची, सादियाची, बारावीची परीक्षा मार्चमध्ये होती. नीट बोललास तर कार्ड वाढवतो, मेकॅनिकऐवजी पहारेकरी लिहू, असे शेठ म्हणाले.

घरी बायकोने, गुलबानूने, हे ऐकले आणि हातातला टोप आपटला. “बसलात? मग बावीस वरसां तेलाचे कपडे धुतले मी, ते काय भुताचे व्हते?”

“अब्बा, फक्त ‘नाही’ बोला ना,” सादिया वहीतून मान वर न करता म्हणाली. “वन वर्ड आहे.”

तीन परीक्षकांनी पाच तास टॉर्च मारून गाडी पाहिली. सीटला वीसपैकी साडेएकोणीस गुण मिळाले. शेरा : ‘असे हातकाम आता होणे नाही.’ (हस्तस्पर्श न झालेल्या वस्तूतील हातकामाची प्रशंसा ही परिषदेची जुनी परंपरा आहे.) एका वृद्ध परीक्षकाने तर शिवणीपुढे हात जोडले. भिंतीशी उभ्या सिराजने ते पाहिले. त्याच्या बापाला खाडीवर इतके गुण कधीच मिळाले नव्हते.

मग परीक्षकांसमोर जबाब. नियमानुसार तो साक्षीदाराच्या मातृभाषेत, शुद्ध स्वरूपात हवा. लिहून घ्यायला बसले गुरुदत्त, शेठचे मॅनेजर आणि परिषदेचेही मानद सचिव, मूळचे पुण्याचे. रोजच्यासारखे ते ‘टच’ म्हणाले असते, तर सिराज ‘नाय’ म्हणून मोकळा झाला असता. पण शुद्धतेसाठी त्यांनी लहानपणी घरच्या सोवळ्यात ऐकलेले क्रियापद बाहेर काढले.

“सिराजभाई, या गाडीला आजवर कुणी शिवलं आहे का?”

सिराजच्या घराण्यात शिवणे म्हणजे सुईदोऱ्याचे काम. दुसरा अर्थ खाडीपर्यंत कधी पोचलाच नव्हता.

जबाबानंतर परिषद चाळीस मिनिटे विचारमग्न होती. ठराव एकमताने झाला : शेठच्या कागदपत्रांनुसार त्यांच्या नोकरीत मेकॅनिक नाही, सबब जबाब देणारा इसम अस्तित्वात नाही, सबब जबाब अग्राह्य, सबब गाडी अस्पर्शित. अस्तित्वात नसलेल्या इसमाचे कार्ड वाढवण्याची कायद्यात सोय नसल्याने तो जानेवारीत बायको-मुलीसह रत्नागिरीला परतला. सादियाला परीक्षेसाठी तिकडचे केंद्र मिळेल का, याची गुलबानू अजून चौकशी करते आहे. ज्या वाचकास या ठरावाचा संताप आला असेल, त्याने हे पान ज्या स्वच्छ टेबलावर ठेवले आहे ते आज सकाळी कोणी पुसले, त्या माणसाचे नाव आठवून पाहावे.

अग्राह्य जबाब परिशिष्टात जसाच्या तसा जपलेला आहे. तो असा :

“हात कुनीच लावला नाय सायब, अर्बाबनी सांगितलाय तसाच लिवा. शिवलाय मात्र मीच. डायवरची सीट, बापाच्या सुईनी. दर सातवा टाका वाकडा घातलाय, कंपनीचा वाटावा म्हनून. मगाशी तुमी टॉर्च लावून ज्याच्यापुढं हात जोडलेत ना, तो माजा.”