नाल्यावरचा पूल विचाराधीन आहे

आमच्या गावाच्या मधून नाला वाहतो आणि त्यावर पूल नाही, ही बाब नगरपालिकेच्या निदर्शनास बावीस वर्षांपूर्वी आली. त्याच वर्षी साहेब नगराध्यक्ष झाले आणि मी त्यांचा टंकलेखक. साहेबांनी नाल्याकाठी उभं राहून पलीकडे बोट दाखवलं, फोटो निघाला आणि प्रांतिक सरकारला पत्र गेलं: पूल हवा. उत्तर आलं: विचाराधीन आहे. पुढे दरवर्षी हेच. फोटोत साहेबांचे केस पांढरे होत गेले, बोट मात्र ताठ राहिलं.

माझी आई नाल्यापलीकडे धाकट्या भावाकडे राहते. मी चपला हातात घेऊन नाल्यावर टाकलेल्या फळीवरून तिच्याकडे जाई. तिला गुडघ्यांमुळे ते जमत नसे. माझं घर तिनं अजून पाहिलेलं नव्हतं, आणि याचं मला फार वाईट वाटे.

‘पुलासाठी सतरा वर्षं झगडलेला माणूस’ म्हणून गावानं साहेबांना विधिमंडळात पाठवलं. तिथं त्यांच्या अनुभवाची कदर होऊन त्यांना पूल समितीचं अध्यक्षपद मिळालं. नवा नगराध्यक्ष मिळेपर्यंत गावचा कारभारही त्यांच्याकडेच राहिला आणि दोन्हीकडचा टंकलेखक मीच. त्यामुळे सोमवारी मी नगराध्यक्षांचं मागणीपत्र टाइप करी आणि गुरुवारी त्याला समिती अध्यक्षांचं उत्तर. सह्या दोन्हींवर साहेबांच्याच. उत्तराला उशीर झाला तर कडक भाषेत स्मरणपत्र जाई. एकदा साहेबांना त्याचा रागच आला.

“हा नगराध्यक्ष स्वतःला समजतो कोण?”

“साहेब, ते आपणच.”

“असेन. पण पत्र योग्य मार्गानं आलेलं नाही. परत पाठव.”

हे मी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“पत्र कोण लिहितं?”

“मी.”

“आणि उत्तर?”

“तेही मीच.”

“मग मंजूर लिहायला हात दुखतो का तुझा?”

त्या गुरुवारी मी ‘विचाराधीन’च्या जागी ‘मंजूर’ टाइप केलं. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही ठोकली. चार महिन्यांत पूल उभा राहिला. उद्घाटनाला साहेबांनी सवयीनं पलीकडे बोट दाखवलं, पण तिकडून लोक चालत येत होते. फोटो काही जमला नाही.

महिन्याभरात पुढची निवडणूक आली, तेव्हा साहेबांकडे मागायला काही उरलं नव्हतं. समोर औषधाचा दुकानदार उभा राहिला. पुलाला कठडा नाही, हे त्यानं शोधून काढलं आणि भर पुलावर बोट दाखवून फोटो काढून घेतला.

मतदानाच्या दिवशी आई पहिल्यांदा माझ्या घरी आली. तिनं खिडक्या उघडून पाहिल्या, चहा घेतला. मला भरून आलं. मग ती मत देऊन आली. केंद्र आमच्या बाजूला, त्यामुळे बावीस वर्षांतलं तिचं हे पहिलंच मत.

“कोणाला दिलंस?”

“कठडेवाल्याला. किती पोटतिडकीनं बोलतो.”

“पण पूल साहेबांच्या सहीनं झाला.”

“झाला ना? मग आता त्यांचं काय काम?”

माझंही मत कठड्यालाच गेलं होतं. हसू नका, तुम्हीही तिथंच दिलं असतं. दुकानदाराला साहेबांच्या दोन्ही खुर्च्या मिळाल्या आणि खुर्च्यांसोबत मी. कठड्याचं पहिलं पत्र मी कालच टाइप केलं. संध्याकाळी आईला तसं सांगितलं.

“या वेळी मंजूर लिहायची घाई करू नकोस,” ती म्हणाली. “माणूस चांगला आहे, टिकू दे.”