अकरा वाजताचा हॉल

करमणूक केंद्राच्या चाव्या एकोणीस वर्षं ज्यांच्या कमरेला होत्या, त्या चावीकाकांना सोमवारी एका पत्राने घाम फोडला. केंद्र खरंच वापरात आहे का ते बघायला खाडीपलीकडून साहेब बोटीने येणार होते, शुक्रवारी सकाळी अकराला. वापर नसेल तर हॉलचं गोदाम!

"संध्याकाळी बोलवा की त्यांना," बायको म्हणाली. "सकाळी तिथे चिटपाखरू नसतं."

"संध्याकाळी परतीची बोट तुझा भाऊ चालवणार का?"

काका दारोदार फिरले. ज्याच्या त्याच्या कानाशी लागून एकच सांगत सुटले, "शुक्रवारी अकराला हॉल फक्त तुमचा. कुठे बोलू नका हं!" दहांना बोलवावं तेव्हा चार उगवतात, हा त्यांचा अनुभव. पण या 'फक्त'ची जादू त्यांना ठाऊक नव्हती.

शुक्रवारी झाडून सगळे आले. बॅडमिंटनवाल्यांनी जाळी बांधली, ती नेमकी आज्यांच्या गायन मंडळाच्या मधोमध. शटलचं फूल उडालं ते थेट मोठ्या आजींच्या अंबाड्यात रुतलं, तरी आजींनी सूर सोडला नाही. नाटकवाल्यांनी आपलं प्रेत टेबल टेनिसच्या टेबलावर निजवलं.

"उठवा त्याला, आम्हाला खेळायचंय!"

"मेलाय तो. कसा उठेल?"

"मेलाय ना? मग चेंडू लागला तर ओरडू नका म्हणावं."

पहिला चेंडू बसताच प्रेत उठून भांडायला लागलं. काका मात्र हरखून गेले. येऊ दे साहेबांना, डोळे फाटतील!

साडेअकरा झाले. साहेबांचा पत्ता नाही. घाबरेघुबरे होऊन काका दाराकडे निघाले, तर जाळीपाशी अर्ध्या चड्डीत रॅकेट परजत उभा कोण? बोटवाला!

"अरे, तू इथे? मग साडेदहाची फेरी?"

"रद्द केली की. तुम्हीच म्हणालात, अकराला हॉल फक्त आमचा."

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या धक्क्यावर उन्हात तासभर तिष्ठलेले साहेब कडाडले, "बोट कुठाय? आणि हा गोंगाट कसला?"

"केंद्रातच आहे साहेब मी. ही आपली... नेहमीची वर्दळ."

"आणि बोटवाला?"

"तोही इथेच," काका पुटपुटले. आता लपवून काय उपयोग?

 साहेब म्हणाले, "बोटसुद्धा सोडून माणसं तिथे येतात? मग बघायचं काय राहिलं!" फोन बंद झाला. एकोणीस वर्षांचं केंद्र आपणच बुडवलं, या विचाराने काकांना रडूच कोसळलं.

आठवड्याने पत्र आलं. काकांनी ते हॉलमध्ये सगळ्यांसमोर फोडलं. "केंद्राचा वापर अफाट असल्याने गोदामाचा विचार रद्द!" टाळ्यांनी छपराचे पत्रे हादरले. आज्यांनी तर काकांची दृष्टच काढली.

"मागे पण काहीतरी लिहिलंय," बायको म्हणाली आणि तिने पान उलटून वाचलं, "एवढ्या गर्दीला जागा अपुरी असल्याने हॉल वाढवण्यात येईल. त्यासाठी केंद्र वर्षभर बंद राहील. सिमेंटच्या गोण्या तोवर हॉलमध्येच ठेवाव्यात."

 बोटवाला पुढे झाला. "काका, गोण्या माझ्याच बोटीने येणार. कधी आणू?"

काकांनी निमूटपणे हॉलच्या नोंदीची वही उघडली.

"शुक्रवारी, अकराला," ते म्हणाले. "हॉल फक्त तुमचा."