आतड्याचं टपाल

चैत्रातल्या एका मंगळवारी कुमुदिनी वाठारकरांच्या मोठ्या आतड्याचं टपाल त्यांच्या घरी यायला लागलं. पहिल्याच दिवशी अकरा पोस्टकार्डं आली.

"मावशी, ही तुमची न्हाईत," पोस्टमन दस्तगीर मुलाणी पत्ता पुन्हा वाचत म्हणाला. "पाठवणारं तुमचं आतडं हाय. जायची हायत तुमच्या हाडातल्या मज्जेकडं. आता हाडात कार्ड कसं टाकू? म्हणून दारात आणली."

"बरोबर केलंत," कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी कार्डं हातात घेतली. तासगावच्या पोस्टात एकतीस वर्षं टपाल छाटणीच्या टेबलावर काढलेली बाई, आलेलं टपाल नाकारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सगळ्या कार्डांवर मजकूर एकच होता. 'जखम झाली आहे. शिपाई पाठवा.' खाली सही, इंटरल्यूकिन सहा.

बारा वर्षं त्यांच्या आतड्याला सूज होती. कळा, रक्त, घरातून निघताना आधी संडास कुठे आहे याची चौकशी. या दुखण्याला त्या घाबरत आल्या होत्या. ते वाचता येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी जेवणाचं टेबल मोकळं केलं आणि कार्डं तारखेप्रमाणे लावली. गुरुवारी दस्तगीर आला तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"अहो, सापडलं! जखम झाली म्हणून शिपाई बोलावतात. शिपाई येतात आणि समोर दिसेल त्याला बडवतात. त्यानं नवी जखम होते, की पुन्हा कार्ड! आणि 'काम झालं, माघारी जा' असं एकसुद्धा कार्ड नाही हो यात!"

"मग शिपाई जाणार तरी कसं?" दस्तगीर म्हणाला.

शनिवारी चाळीस कार्डं आली. त्यातल्या एकावर बाईंचा हात थबकला. मजकूर तोच, सही तीच, पण अक्षर वेगळं. खाली बारीक लिहिलं होतं, 'येताना नवी रक्तवाहिनी आणावी. आमची वस्ती वाढते आहे. मुक्काम, डावीकडचं वळण.'

बाईंनी चहा तसाच ठेवला, सगळी कार्डं पिशवीत घातली आणि सांगलीची एसटी पकडली. रस्ताभर त्या ते कार्ड पुन्हापुन्हा वाचत होत्या. भीती किती आणि हुरूप किती, त्यांचं त्यांनाच कळेना.

त्यांच्या पोटाच्या डॉक्टर मृदुला शेटे यांनी गठ्ठा वाचून काढला. "या सह्या सायटोकाइनच्या आहेत. पेशींचे निरोपे म्हणा, आणि शिपाई म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. सूज वर्षानुवर्षं राहिली की बिघडलेल्या पेशी याच निरोपांवर पोसतात. पुढे कॅन्सर होऊ शकतो. पण तुमची दुर्बिणीची तपासणी जूनमध्ये ठरली आहे."

"जूनपर्यंत वस्तीचं गाव होईल, डॉक्टर!"

डॉक्टरांनी कार्ड उजेडात धरलं. "पत्ता स्पष्ट आहे," त्या म्हणाल्या आणि सोमवारची वेळ लिहून दिली.

डावीकडच्या वळणावर हरभऱ्याएवढी गाठ सापडली. कॅन्सर होता, पण कोवळा. आतड्याच्या वरच्या थरातच होता. दुर्बिणीतून तो अख्खा काढता आला. मग निरोपे वाटेत अडवणारं इंजेक्शन सुरू झालं.

"यात खरे निरोपेही अडकतात," डॉक्टरांनी बजावलं. "ताप आला तर वाट बघायची नाही, लगेच यायचं."

टपाल चाळिसावरून चारावर आलं, मग बंद झालं. कुमुदिनीबाई आठ वर्षांनी लेकीकडे राहून आल्या, वाटेत कुठेही चौकशी न करता. श्रावणात त्यांच्या बोटात लिंबाचा काटा गेला. दुसऱ्या दिवशी एक कार्ड आलं, 'डावी तर्जनी. दोन शिपाई पुरेत.' आणि तिसऱ्या दिवशी आणखी एक, 'काम झालं. शिपाई माघारी निघाले आहेत.'

बाई ते कार्ड घेऊन अनवाणी रस्त्यावर धावल्या. "दस्तगीर, थांबा! हे वाचा, मोठ्यानं वाचा!"

दस्तगीरनं सायकल टेकवून दोनदा वाचलं. मग जरा घुटमळत खिशातून एक कोरं कार्ड काढलं.

"मावशी, मला माझ्या गुडघ्याला कळवायचं हाय. लई दिवस झालं, सूज उतरंना. पत्ता काय घालू?"

"डावा की उजवा?"

"उजवा."

"मग तुमच्या घरचाच घाला," कुमुदिनीबाई पेन उघडत म्हणाल्या, "वर 'उजवा' तेवढं ठळक लिहा."